साथीदाराचं अर्धं तिकीट

सवलत या शब्दाची मला चीड आहे. ज्यानं आयुष्यात कुणाला उचलून संडासला नेलं नाही असा माणूस टेबलाच्या पलीकडं बसून सवलत देतो, आणि आपण अलीकडं उभं राहून 'मेहरबानी' म्हणायचं. मी म्हणत नाही. म्हणून हिंगोलीतल्या निम्म्या कचेऱ्यांत मी दारात दिसलो की साहेब लोक जेवायला निघून जातात.

माझं नाव उजैर. धंदा गाद्या भरायचा. वडील चाँद पाशा पिंजारी, त्यांचे वडीलही पिंजारी. धनुकली गेली, मशीन आलं, कापूस तोच आहे. दुकान पुढं आणि घर मागं. घरात मी आणि माझी धाकटी बहीण आफिफा. अकरा वर्षांपूर्वी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आणायला गेली आणि कठडा नव्हता त्या बाजूनं खाली आली. कमरेखाली तिला काही कळत नाही. हात, डोकं आणि जीभ मात्र शाबूत. जीभ जरा जास्तच.

अम्मी त्याआधीच गेली होती, अब्बा त्यानंतर तीन वर्षांनी गेले. मोठा भाऊ साजीद हैदराबादला असतो. ईदला फोन करतो आणि फोनवर रडतो. रडायला काही पैसे पडत नाहीत. माझं लग्न ठरलं होतं, ते मुलीकडच्यांनी मोडलं. "नणंद उचलायला आमी पोरगी देत न्हाई," असं निरोप्यानं तोंडावर सांगितलं. बराबर होतं त्यांचं. राग मात्र अजून गेलेला नाही.

अंघोळ आणि कपडे ही कामं भावानं करायची नसतात, तेवढ्यापुरती शेजारची कमलबाई येते. मोंढ्याच्या बाजारात हळद निवडायला जाते, तिचे तळवे बारा महिने पिवळे असतात. सकाळी एक तास येते, संध्याकाळी वेणीफणीला पुन्हा येते. पैसे घेत नाही. वर्षाला एक गादी भरून देतो, तीही लाजत नेते. बाई वाईट नाही, हे मला मान्य आहे. पण ती आली की खोलीचं दार आतून लागतं आणि थोड्या वेळानं आतून खिदळण्याचा आवाज येतो. दिवसरात्र मरतो मी, तिची कूस बदलतो मी, लघवीची पिशवी रिकामी करतो मी, आणि हसायचं कमलबाईसोबत. हे मला खटकायचं, आणि खटकलं की मी दुकानात मशीन मुद्दाम चालू करायचो.

महिन्यातून एकदा नांदेडला दवाखान्यात जावं लागतं. एसटीत आफिफाला पाव तिकीट आणि साथीदाराला अर्धं. साथीदार म्हणजे मी. अट अशी की ती शेजारी बसलेली असेल तोवरच मी साथीदार. ती नसली की मी कुणीच नाही. तशी वेळ कधी आली नाही, कारण तिला टाकून मी जाणार कुठं? आता तर बायकांना अर्धं झालं, म्हाताऱ्यांना अर्धं झालं, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना फुकट झालं. पूर्ण पैसे देणारा धडधाकट गडी दिसला की आमच्या गाडीचा कंडक्टर मोहनसिंग त्याला वळून वळून बघतो.

ही गाडी वारंगा फाट्यावर दहा मिनिटं थांबते. फाट्यावरची खिचडी न खाता पुढं जाणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर परजिल्ह्यातला. आफिफाला उतरवायला चार मिनिटं लागतात आणि चढवायला पाच, म्हणून ती खिडकीत बसते आणि मी उतरतो. गोपीचंदच्या हॉटेलात उभ्या उभ्या एक प्लेट खातो, चहा पितो, चार माणसांशी वाद घालतो. अख्ख्या महिन्यात ती दहा मिनिटं माझी असतात. मग तिची खिचडी कागदात घेतो, पुडी उघडी ठेवून गार होऊ देतो, बोट लावून बघतो, आणि मगच खिडकीतून तिच्या हातात देतो.

गार काहून, असं कुणी विचारेल. पहिल्याच वर्षी तिच्या मांडीवर चहाचा कप कलंडला होता. तिला कळलंच नाही. घरी आल्यावर कमलबाईनं सलवार काढली तेव्हा कातडी सोलून आलेली. ती जखम भरायला चार महिने गेले. तेव्हापासून गरम वस्तू आफिफाच्या हातात द्यायची नाही, हा माझा नियम. एकदा गोपीचंद म्हणाला होता, "उजैरभाई, ताईला गरम प्लेट वर नेऊन देऊ का?" मी म्हणालो, "नको, तिला गारच चालते." ती खिडकीतून ऐकत होती. काही बोलली नाही, म्हणजे चालत असणार, असं मी धरून चाललो.

तर, मागच्या हिवाळ्यात आमच्या शहरातल्या एका संस्थेनं घरच्या माणसाची बिनपगारी देखभाल करणाऱ्यांसाठी 'सोबती कार्ड' काढलं. फोटो लावा, कार्ड घ्या, हिंगोलीतल्या वीस-बावीस दुकानांत सवलत मिळवा. मी घेतलं. औषधाच्या दुकानात दाखवलं तर तो म्हणाला, गोळ्यांवर आहे, डायपरवर नाही. आम्हाला गोळी एकच लागते आणि डायपर महिन्याला चार पाकिटं. कटिंगच्या दुकानात सवलत होती ती फक्त मंगळवारी. सिनेमाला दोघांत एक तिकीट, पण चाकाची खुर्ची ठेवायची जागा वर बाल्कनीत आणि बाल्कनीला पायऱ्या अठरा. मी मोजून आलो. मॅनेजरला म्हणालो, "तुमी वर उचलून न्या, मी दोन्ही तिकिटं फुल काढतो." तो म्हणाला, "तुमी लई भांडता, भाई." भांडतोच. नाही भांडलो तर हे लोक आपल्याला खाऊन टाकतील.

आणि मग जानेवारीत संस्थेच्या दारावर सहलीची सूचना लागली. रविवारी सकाळी नऊला निघायचं. बसला मागून उतरती फळी, चाकाची खुर्ची सरळ आत. प्रत्येक दिव्यांगासोबत एक साथीदार, दोघांनाही सगळं मोफत. ठिकाण वाचून मी आफिफासमोर मोठ्यानं हसलो.

"वारंगा फाटा! ऐकलंस? सहलीला वारंगा फाटा! दुपारी फाट्यावर खिचडी आणि मग पुढं एका तळ्याकाठी. ट्रकचा धूर खायला माणसं नेतात का सहलीला? कोणत्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं असेल हे?"

आफिफा उशीचा अभ्रा शिवत होती. तिनं दोरा दातानं तोडला. "जायचं नसेल तर नको येऊस, भाई," ती म्हणाली.

"जायचं नाही असं कोण म्हणालं?"

जायचं होतं मला. इथं खरंच सांगतो. अकरा वर्षांत मी नांदेडच्या दवाखान्यापलीकडं काही पाहिलेलं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या बसमध्ये प्रत्येक साथीदाराला बिल्ला मिळणार होता. छातीवर बिल्ला, शेजारी आफिफा, आणि चार लोक बघणार की या माणसानं बहिणीसाठी जिंदगी घातली. एकदा तरी कुणीतरी ते बघावं, एवढीच माझी हाव होती. मी साथीदाराचा अर्ज भरला, फोटो चिकटवला आणि निळा शर्ट शिवायला टाकला. आफिफा म्हणाली, "माझा अर्ज मीच भरते." मी म्हणालो, भर. तिचे अर्ज एरवी मीच भरतो, पण त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं.

गुरुवारी यादी लागली. आफिफा चाँद पाशा, आणि पुढं साथीदाराच्या रकान्यात कमलबाई.

मी तसाच आत गेलो. सहलीचं काम शिला नावाची मुलगी बघायची. तिशीची असेल, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसांवर माझा विश्वास नाही.

"ताई, हे काय आहे? अर्ज माझा, फोटो माझा, आणि नाव शेजारणीचं?"

"उजैरभाई, बसा ना. पाणी घ्या."

"पाणी माझ्या घरी आहे. माझं नाव कुणी खोडलं ते सांगा."

ती जरा चाचरली. "नियम आहे भाई. महिलेबरोबर महिलाच साथीदार."

"कुठं लिहिलाय नियम? दाखवा."

"लिहिलेला नाही, पण आमचं तसं ठरलंय."

मी यादी दारावरून ओरबाडून आणली आणि तिच्या टेबलावर आपटली. "हे वाचा. तिसरं नाव, शेवंताबाई. साथीदार कोण? जळबा. जळबा काय बाई आहे?"

"ते नवरा-बायको आहेत."

"आणि मी कोण आहे? परका? आईच्या जागी मी आहे, बापाच्या जागी मी आहे. ती कमलबाई एक तास येते आणि जाते. तिला नेताय तुमी तळं दाखवायला? मुसलमान आहे म्हणून माझं नाव काढलं का? बोला ना, काहून काढलं?"

हे शेवटचं मी उगाच बोललो. मला माहीत होतं की तसं नाही, कारण मुसलमान तर आफिफाही आहे. पण भांडणात हाताला लागेल तो दगड मारायची मला सवय आहे. बाहेर बसलेले दोघं-तिघं उठून दारात आले. शिलाचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, चला, आता नाव लागतं.

तिनं ड्रॉवर उघडला. एक फाइल काढली, त्यातून एक कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला. "हे तुम्हाला दाखवू नका असं तिनं सांगितलं होतं. पण तुम्ही ऐकतच नाही."

अक्षर आफिफाचं होतं. शाळेपासूनचं तेच गोल अक्षर, ओळी सरळ.

'माझ्यासोबत भाऊ नको. कमलबाई चालेल, त्यांना मी विचारलं आहे. भाऊ माझं सगळं करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण कुणी मला काही विचारलं की उत्तर तो देतो. एक दिवस माझं उत्तर मला द्यायचं आहे. त्याला हे सांगू नका, काहीतरी नियम आहे असं सांगा. नियमाशी तो भांडेल, पण त्याला वाईट वाटणार नाही. आणि सूचना लावण्याआधी तुम्ही ठिकाण विचारलंत तेव्हा मी वारंगा फाटा का सांगितलं, तेही लिहिते. तिथं मला खाली उतरायचं आहे.'

मी कागद दोनदा वाचला. शिला म्हणाली, "भाई, पाणी?" मी तिचं पाणी प्यालो. यादी पुन्हा दारावर लावायला मला टाचणी सापडेना, ती तिनंच दिली.

घरी गेलो तर आफिफा तशीच, मांडीवर अभ्रा. घरात आम्ही दखनीत बोलतो.

"क्या हुआ?" तिनं विचारलं.

"काही नाही. नियम आहे म्हणे. बाईसोबत बाई," मी म्हणालो आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"हो का?" ती म्हणाली. "मग राहू दे. नियमाला काय करणार?" आणि तिनं सुईत दोरा ओवला, एका झटक्यात. खोटं बोलताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही. ते बघून माझ्या अंगाची आग झाली.

"त्या कमलबाईला काय समजतं? दोन तासांनी बूड उचलून बसवायचं, पिशवी बघायची, खुर्चीचा ब्रेक लावायचा. तिनं कुठं चटका दिला तर?"

आफिफानं पहिल्यांदा वर पाहिलं. "चटका मला कळत नाही, भाई. बाकी सगळं कळतं."

मी दुकानात गेलो आणि मशीन चालू केलं. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि तिनंही 'जेव' म्हटलं नाही.

रविवारी नऊला बस दारात आली. फळी उतरली, आफिफाची खुर्ची तिच्यावरून वर गेली, कुणालाच उचलावी लागली नाही. तिनं हिरवा सूट घातला होता, तो मी आधी पाहिला नव्हता. कमलबाईच्या छातीवर बिल्ला होता आणि काखेत मी आफिफाच्या पाठीसाठी भरलेली लहान गादी. ती कशाला घेतली, असं मी विचारलं, तर म्हणाली, "लागती." मी तिला सूचनांचा कागद द्यायला गेलो. पुढूनमागून भरलेला होता.

"मला म्हाईत हाय समदं," ती म्हणाली. "अकरा वर्सं मीबी हायेच की."

"पिशवी बघा. गरम काही देऊ नका हातात."

"उजैरभाई, दुकान उघडा आता. जाऊ द्या पोरीला."

खिडकीतून आफिफा म्हणाली, "संध्याकाळी येते," आणि बस गेली. आजूबाजूच्यांनी मला विचारलं, "तुमी न्हाई गेले?" मी म्हणालो, "मला कामं आहेत."

कामं काही नव्हती. एक गादी फाडली, पुन्हा शिवली. अकरा वाजले. तिला पाणी द्यायची वेळ झाली म्हणून उठलो आणि रिकाम्या खोलीत ग्लास घेऊन उभा राहिलो. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की मला एक दिवस मोकळा मिळाला तर मी अमुक करीन, तमुक करीन. मोकळा दिवस मिळाला आणि दोन तासांत तो मला खायला उठला. मग राग आला, आणि राग आला की मला रस्ता दिसतो. जायचं वारंग्याला. ती कमलबाई कुठं ना कुठं चुकणारच. पिशवी भरलेली असेल, ब्रेक उघडा असेल, रंगेहाथ धरायचं आणि सगळ्या बिल्लेवाल्यांसमोर विचारायचं, आता सांगा साथीदार कोण? निळा शर्ट घातला, दुकानाचं शटर ओढलं आणि एसटी स्टँड गाठलं.

नांदेडची गाडी लागलेली होती. सवयीनं मी दिव्यांगांच्या राखीव बाकावर, आफिफाच्या खिडकीत जाऊन बसलो. मोहनसिंग मशीन घेऊन आला आणि सवयीनंच म्हणाला, "नांदेड, एक पाव, एक अर्धं."

"वारंगा. एकच."

त्यानं माझ्या शेजारी पाहिलं, बाकाखाली पाहिलं. "ताई कुठाय?"

"पुढं गेलीय."

"मंग तुमी कोनाचे साथीदार?"

"कुणाचाच नाही. फुल दे."

मोहनसिंग हसला. "आरं वा! लई वर्सांनी मानसात आले म्हनायचं उजैरभाई." एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी नुसतं तिकीट घेतलं. त्या चिठोऱ्यावर 'पूर्ण' छापलेलं होतं. सबंध गाडीत फुल तिकीट काढणारे आम्ही पाच-सहा जण असू, आणि त्यांतला मी एकटाच असा होतो ज्याला अर्ध्याची सवय होती.

गाडी वारंग्याला एकच्या सुमारास पोचली. "दहा मिन्टं!" मोहनसिंग ओरडला. माणसं उतरली. मीही उठलो, आणि खिडकीतून मला ती दिसली.

गोपीचंदच्या हॉटेलासमोर बाहेर टेबलं मांडली होती. बाकीची मंडळी जेवून सावलीला गेली असावीत. कडेच्या टेबलाशी आफिफाची खुर्ची होती, ब्रेक लावलेला. तिच्या मांडीवर मी भरलेली ती लहान गादी दुहेरी घडी करून ठेवलेली, गादीवर स्टीलचं ताट, आणि ताटात खिचडी. वाफ गाडीतून दिसत होती. ती घाईनं खात होती, तोंड भाजलं की हा-हा करून हवा घ्यायची आणि पुन्हा घास घ्यायची. कमलबाई शेजारी बसून आपली प्लेट संपवत होती, तिचं आफिफाकडं लक्षसुद्धा नव्हतं. लक्ष द्यावं असं काही नव्हतंच. ताट कलंडलं असतं तरी गादी भिजली असती, मांडी नाही.

गादी भरायचा धंदा माझा. तीन पिढ्यांचा. आणि मांडीवर एक गादी ठेवावी हे अकरा वर्षांत मला सुचलं नाही. मला खिचडी गार करणं सोपं पडलं.

आफिफानं हात वर करून गोपीचंदला बोलावलं. ऐकू येत नव्हतं, पण ती भांडत होती हे नक्की. चटणीच्या वाटीकडं बोट दाखवून भांडत होती, माझ्यासारखीच. गोपीचंद हात जोडून हसत होता. तो आत गेला आणि दुसरी वाटी घेऊन आला. त्यानं कमलबाईला काही विचारलं नाही. आफिफालाच विचारलं, आणि तिनं मान हलवून उत्तर दिलं.

मी दाराकडं बघितलं. उतरलो तर काय म्हणणार होतो? पिशवी बघितली का? मी पुन्हा त्याच बाकावर बसलो.

अकरा वर्षं तिनं या खिडकीतून मला तिथं उभं राहून खाताना पाहिलं होतं. इथून सगळं दिसतं. वाफ दिसते, चहाचा ग्लास दिसतो, कोण हसतंय ते दिसतं. मला कधी वाटलंच नव्हतं की इथून इतकं स्वच्छ दिसत असेल.

मग तिनं गाडीकडं पाहिलं. या गाडीची वेळ तिला पाठ आहे. ती एकेक खिडकी बघत आली आणि स्वतःच्या खिडकीवर थांबली. मला वाटलं, आता ती तोंड फिरवेल, नाहीतर रडेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. घास गिळला, गोपीचंदला हाक मारली. तो कागदात खिचडी घेऊन आला. तिनं पुडी टेबलावर ठेवली, उघडली आणि तशीच राहू दिली. पाच-सात मिनिटं ती पुडीकडं बघत बसली होती आणि मी तिच्याकडं. लोक चढायला लागले. मोहनसिंगनं दार वाजवलं. तेव्हा तिनं खिचडीला बोट लावून पाहिलं, पुडी बांधली आणि कमलबाईच्या हातात दिली.

कमलबाई खिडकीखाली आली. टाचा उंचावून पिवळ्या हातानं पुडी वर दिली. "घ्या. पोरगी म्हनली, पुरी गार झाल्याबिगर देऊ नको, भाईला चटका बसंल."

"मी उतरू का?" मी तिला विचारलं. खरं म्हणजे ते आफिफाला विचारायचं होतं.

"तेबी सांगितलंय तिनं." कमलबाई माझ्याकडं न बघता म्हणाली. "उतरू नको म्हनली. गाडी दहाच मिनिटं थांबती, तुमाला उतरवा-चढवायला टाइम न्हाई."

ती वळून गेली. गाडी हलली. आफिफानं हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत बघत राहिली. मोहनसिंग माझ्यापाशी आला. "तिकीट हितपतूरच व्हतं तुमचं. काय करायचं?"

"नांदेड दे."

"नांदेडला काय काम काढलं?"

"काही नाही."

"फुल?"

"फुल."

मी पुडी उघडली. तेल थिजलं होतं, भाताचे गोळे झाले होते, चटणी कागदात मुरून गेली होती. पहिला घास घशाखाली उतरेना. पाणी आणलं नव्हतं. पाण्याची बाटली नेहमी आफिफाच्या पर्समध्ये असते. अकरा वर्षं दर महिन्याला ती हे खात आली होती, आणि मी शेजारी बसून विचारायचो, छान आहे ना? आणि उत्तरही मीच द्यायचो. दुसऱ्या कुणी असली गारढोण खिचडी दिली असती तर मी गाडी थांबवून भांडलो असतो. ही मी सगळी खाल्ली, कागदाला चिकटलेली शितंसुद्धा.